शुगरची पहिली गोळी

मुंबईच्या उपनगरांचे मधुमेहाच्या गोळीशी नाते दुहेरी आहे. गोळी इथे खपते तशी तिचा कारभारही इथूनच चालतो. मुलुंडला जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचा कारखाना आणि संशोधन केंद्र होते. या कंपनीच्या ‘रास्टिनॉन’ आणि ‘डाओनिल’ गोळ्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या एका अख्ख्या पिढीची साखर आवरली. ‘ग्लायकोमेट’ बनवणाऱ्या यूएसव्हीचे मुख्यालय गोवंडीत आहे. अंधेरीच्या चकाल्यात कार्यालय असलेल्या ग्लेनमार्कने २०१९ मध्ये रेमोग्लिफ्लोझिन हे औषध जगात सर्वांत आधी भारतात बाजारात आणले, तेही साडेबारा रुपयांना एक गोळी या भावाने. दुसरीकडे, मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २०२१ मध्ये केलेल्या ‘स्टेप्स’ पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या घरात निघाली. एवढ्या गोळ्या आणि एवढे रोगी एकाच परिसरात असूनही पहिली गोळी तोंडात टाकण्यापूर्वी काय बघायचे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. चर्चा होते ती कारल्याच्या रसाची.

पहिल्या गोळीच्या बाबतीत दोन टोके दिसतात. एक टोक टाळणाऱ्यांचे. “एकदा गोळी लागली की सुटत नाही” या धास्तीपोटी लोक वर्ष वर्ष मेथीदाणे भिजवत बसतात आणि तोवर साखर डोळ्यांच्या पडद्याचे, मूत्रपिंडाचे नुकसान करत राहते. गोळीची सवय लागत नाही. रोग टिकून असतो म्हणून गोळी टिकते. वजन चांगले घटले तर काहींची गोळी सुटतेही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात काटेकोर आहाराने वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षाअखेर औषधाविना आटोक्यात होता. दुसरे टोक घाई करणाऱ्यांचे. लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो, त्यात आकडा लाल अक्षरांत असतो, आणि रात्रीच्या जेवणाआधी शेजारच्या काकांच्या स्ट्रिपमधली एक गोळी ‘तात्पुरती’ पोटात जाते. काकांची गोळी कोणत्या जातीची आहे, हे काकांनाही ठाऊक नसते.

सगळी गोम इथे आहे. ‘शुगरची गोळी’ असे एक औषध नसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने या गोळ्यांची ढोबळ विभागणी दोन गटांत करता येते: एकट्याने घेतल्या तरी साखर धोक्याच्या पातळीखाली ओढू शकणाऱ्या, आणि एकट्याने घेतल्यास सहसा तसे न करणाऱ्या. कोणती कंपनी, कोणता ब्रँड, विदेशी की देशी हे प्रश्न नंतरचे. आपली गोळी या दोनांपैकी कुठली, हे पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

पहिल्या गटाचा शोधच अपघाताने लागला. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांवर एक नवे सल्फा औषध वापरून पाहत होते. रुग्णांना झटके येऊ लागले, काही बेशुद्ध झाले, काही दगावले. त्यांची साखर कोसळली होती. याच धाग्यावरून पुढे सल्फोनिलयुरिया हे कुल जन्माला आले: टोलब्युटामाइड, ग्लायबेनक्लामाइड म्हणजे आपले डाओनिल, ग्लिक्लाझाइड आणि आज सर्वाधिक लिहिले जाणारे ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. २००८ मध्ये सिंगापूरला कामोत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांत ग्लायबेनक्लामाइड मिसळलेले निघाले. मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर घसरून काही महिन्यांत रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतले चार दगावले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध वर्षानुवर्षे लाखो लोक नीट घेतात, ते स्वस्त आहे आणि साखर पटकन उतरवते. पण त्याची ताकद काय आहे, ते सिंगापूरच्या या प्रकरणात दिसते.

दुसऱ्या गटाचा मुख्य नायक मेटफॉर्मिन. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानवनस्पतीतल्या रसायनापासून त्याची वंशावळ सुरू होते. १९५७ मध्ये पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरले. त्याचे भावंड फेनफॉर्मिन रक्तात घातक आम्ल साठवते म्हणून सत्तरच्या दशकात अमेरिकेने बंद केले आणि त्या बदनामीचे शिंतोडे मेटफॉर्मिनवरही उडाले. अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडले. मग १९९८ मध्ये ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले. मेटफॉर्मिनवर ठेवलेल्या स्थूल रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हापासून बहुतेक डॉक्टरांची पहिली चिठ्ठी याच नावाने सुरू होते. यकृतातून रात्रभर रक्तात झिरपणारी साखर ते कमी करते, इन्शुलिनसाठी स्वादुपिंडाला पिळत नाही. त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक घसरणे विरळा.

आता या दोन्ही जाती एकाच नावाखाली कशा नांदतात ते पाहावे. ‘ग्लायकोमेट’ म्हणजे नुसते मेटफॉर्मिन. त्याच नावापुढे ‘जीपी’ ही दोन अक्षरे लागली की त्यात ग्लिमेपिराइड येते. इतर कंपन्यांच्या गोळ्यांनाही एम, जी, व्ही, पी अशी शेपटे असतात, आणि शेपटागणिक औषध बदलते. भारतात मिश्रणगोळ्यांची इतकी रेलचेल झाली की केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत मधुमेहाचीही काही होती. घरात ‘शुगरची पांढरी गोळी’ आणि ‘शुगरची गुलाबी गोळी’ एवढीच ओळख असेल, तर काऊंटरवर पर्यायी ब्रँड मिळाला की ती ओळखही पुसली जाते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ती ओळ नातवाकडून वाचून घ्यावी आणि मूळ औषधांची नावे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवावीत. अपघात विभागातल्या डॉक्टरला गोळीच्या रंगापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

साखर घसरणे म्हणजे काय, हे बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याला समजावून सांगायची खास गरज आहे. सकाळी सातला चहा-बिस्कीट, सोबत गोळी, मग ‘ऑफिसात गेल्यावर डबा’ हा हिशेब. गाडी उशिरा, त्यात गर्दी, वर तासभर उभे राहणे. अंधेरीच्या आसपास हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोके चालेनासे होते. आजूबाजूचे म्हणतात, उकाडा आहे, वारा घ्या. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ही लक्षणे असू शकतात आणि तिथे वाऱ्याने काही होत नाही. पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, सुधारणा नसेल तर पुन्हा तेच, आणि नंतर पोटभर खायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचे नाही. त्याला थेट रुग्णालयात न्यायचे.

इथे दोन बारकावे आहेत, जे चिठ्ठी देताना क्वचितच सांगितले जातात. तीन औषधांच्या मिश्रणगोळीत व्होग्लिबोज हे औषध असेल तर नेहमीची साखर आतड्यात फुटायला वेळ लागतो. अशा रुग्णाने खिशात ग्लुकोजच ठेवले पाहिजे. दुसरे असे की सल्फोनिलयुरियाने घसरलेली साखर एकदा वर आली म्हणून सुटका झाली असे नसते. वय जास्त असेल, मूत्रपिंड मंदावलेले असेल, तर औषध शरीरात रेंगाळते आणि काही तासांनी साखर पुन्हा खाली जाते. म्हणून आजोबांना ग्लुकोज पाजून, ते बोलू लागले म्हणून घरीच झोपवणे धोक्याचे. रात्री ती दुसरी घसरण कोणाच्या लक्षात येणार? रिक्षा, टॅक्सी, बस चालवणाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न मागे बसलेल्यांचाही आहे. त्यांनी आपला धंदा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा. गोळीची निवड त्यावर बदलू शकते.

निवडीला वाव आता पुष्कळ आहे. ‘कॅरोलिना’ नावाच्या मोठ्या चाचणीत एका गटाला ग्लिमेपिराइड आणि दुसऱ्याला लिनाग्लिप्टिन दिले. सुमारे सहा वर्षांनी हृदयविकाराच्या बाबतीत दोघे सारखे ठरले. पण साखर घसरण्याचा अनुभव ग्लिमेपिराइडच्या गटात सुमारे ३८ टक्क्यांना आला, लिनाग्लिप्टिनच्या गटात ११ टक्क्यांच्या आतच. एके काळी ग्लिप्टिन वर्गातल्या या गोळ्या पगारदारालाही महाग वाटत. व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९ च्या अखेरीस, सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले. प्रत्येक वेळी भाव कोसळले. एकट्या राहणाऱ्या, जेवणाच्या वेळा अनिश्चित असलेल्या वृद्धाला केवळ स्वस्त म्हणून ग्लिमेपिराइड देण्याचे समर्थन आता पूर्वीइतके उरलेले नाही.

नवी गोळी निर्धोक असते असेही नाही. ‘ग्लिफ्लोझिन’ शेपटाची औषधे हृदय आणि मूत्रपिंड या दोघांना आधार देतात. मात्र जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे आणि क्वचित साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठणे हे त्यांचे धोके. शस्त्रक्रिया ठरली तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या आणखी एका गोळीची कथा तर मजेशीर म्हणावी की चिंतेची, कळत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जून २०१३ मध्ये सरकारने त्याची विक्री थांबवली आणि जुलैअखेर वेष्टनावर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा खुली केली. दीड महिन्यापूर्वी गोळी बंद झाली म्हणून घाबरलेला रुग्ण आता ती पुन्हा सुरू झाली म्हणून बुचकळ्यात पडला.

पहिल्या गोळीआधी तपासण्या किती? फार नाहीत, पण त्या टाळू नयेत. रक्तातले क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला मूत्रपिंडाचा वेग, म्हणजे ‘ईजीएफआर’, हवाच. हा आकडा ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन वर्ज्य; ४५ च्या खाली असेल तर ते नव्याने सुरू करत नाहीत. यकृताची तपासणी, लघवीतील प्रथिने, डोळ्यांच्या पडद्याची पाहणी यांचीही वेळ हीच. रुग्ण तरुण आणि सडपातळ असेल, वजन झपाट्याने उतरले असेल, तहान भागत नसेल, तर लघवीतील कीटोन तपासल्याशिवाय गोळीकडे वळूच नये; तो टाइप टू नसून इन्शुलिनच लागणारा मधुमेह असू शकतो.

तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा लोक आता परीक्षेच्या गुणांसारखा सांगतात. त्याला एक उपनगरी अपवाद आहे. बीटा थॅलेसेमियाचे वाहक सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा या समाजांत जास्त आढळतात, आणि मुलुंड-घाटकोपर ही तर या समाजांची मोठी वस्ती. वाहक व्यक्तीत किंवा लोह फार कमी असलेल्या बाईमध्ये हा आकडा फसवा येऊ शकतो. ग्लुकोमीटर एक सांगतो आणि सरासरी दुसरेच, असे झाले तर यंत्र बिघडले म्हणून सोडून न देता डॉक्टरांना विचारावे.

मेटफॉर्मिनची सुरुवात मुद्दाम हळू करतात: बहुधा रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, आठवडाभराने हवी तर वाढ. पहिल्या दिवसांत मळमळ, तोंडाला धातूची चव, पातळ शौच होणे हे नेहमीचे. जेवणासोबत घेतल्याने आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळीने बहुतेकांचे निभावते. ही सावकाश विरघळणारी गोळी चावायची किंवा कुटायची नसते. तिचे रिकामे कवच कधी शौचातून बाहेर पडते आणि ‘गोळी पचलीच नाही’ म्हणून घरात गोंधळ होतो. औषध तोवर शोषले गेलेले असते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मराठी वाचकाला दोन कारणांनी जवळचे आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची नऊ टक्के, याज्ञिकांची एकवीस. दिसायला बारीक म्हणून मधुमेह नाही, हा समज त्या छायाचित्राने खोडला. त्यांच्याच गटाने २००६ मध्ये दाखवले की पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ आणखी खाली नेते. म्हणजे शाकाहारी घरात, जिथे खाते आधीच तुटीत आहे, तिथे गोळी सुरू करतानाच बी-१२ मोजलेले बरे. नाहीतर पाच वर्षांनी पायांना मुंग्या येतात आणि त्याचे खापर मधुमेहावर फुटते.

उपवासाचा विषय डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाहीत. चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत पर्युषणातली अठ्ठाई आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण. मुस्लिम रुग्णांचे रोजे. मराठी मुलुखाची एक नवी भर म्हणजे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दिवसातून दोनच जेवणांची पद्धत. यातले काहीही पाळायचे तर आधी गोळीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. ग्लिमेपिराइड चालू ठेवून जेवण गाळणे म्हणजे साखर घसरण्याला आमंत्रण. ग्लिफ्लोझिन घेऊन निर्जळी करणे म्हणजे आम्ल साठण्याला. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे यांच्या ‘उपवासा’त साखर उलट उसळते, हे वेगळेच. व्रत सोडायला सांगण्याची गरज बहुधा पडत नाही. गोळीची वेळ आणि मात्रा बदलून पुष्कळदा जमते. फक्त ते आदल्या आठवड्यात विचारायचे असते, पारण्याच्या दिवशी नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक नियम लक्षात ठेवावा. उलट्या-जुलाब, कडक ताप, पोटात पाणी ठरत नाही अशी अवस्था झाली तर मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन तात्पुरते थांबवतात, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंड दबते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आणि इन्शुलिन चालू असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. तापासाठी दुसऱ्या दवाखान्यात गेल्यास शुगरची गोळी चालू असल्याचे आधी सांगावे. लेव्होफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्सॅझोल यांसारखी प्रतिजैविके सल्फोनिलयुरियाच्या जोडीला साखर खाली खेचू शकतात, तर स्टेरॉइड ती वर नेतात. शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली असेल तर तिथेही मेटफॉर्मिनचा उल्लेख करावा.

आणखी दोन गोष्टींनी पहिल्या महिन्यांत पैसे वाचतात. साखर वेगाने उतरू लागली की नजर काही आठवडे धूसर होते. चष्म्याचा नंबर तेव्हा बदलून घेऊ नये, साखर स्थिरावल्यावर तो पुन्हा बदलतो. आणि तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी रक्त देईपर्यंत गोळी घ्यायची नसते, पण जेवणानंतरच्या तपासणीआधी नेहमीचे जेवण आणि नेहमीची गोळी दोन्ही घ्यायची असतात. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्या दिवशी पोळी टाळणारे आणि ‘खरी साखर कळावी’ म्हणून गोळी टाळणारे, दोघेही लॅबचे बिल वाया घालवतात.

हे सारे ऐकायला खासगी विशेषज्ञच हवा असे नाही. २०२२ पासून महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ वस्त्यांजवळ उघडले आहेत. घाटकोपरचे राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी, जुहूचे कूपर ही रुग्णालये आहेत. जनऔषधी केंद्रात हीच मूळ औषधे ब्रँडपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतात. कमी पडतो तो वेळ. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना दोन-चार मिनिटे मिळतात आणि त्यात मात्रा लिहून होते, बाकी राहून जाते. म्हणून उपनगरांतल्या फॅमिली डॉक्टरांना आणि केमिस्टना एक विनंती: पहिल्या चिठ्ठीवर मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत, रुग्ण वाचेल त्या भाषेत, दोन ओळी जादा लिहा. या गोळीने साखर घसरू शकते की नाही. आणि जेवण चुकले किंवा उलट्या झाल्या तर ही गोळी घ्यायची की थांबवायची. डॉक्टरांनी लिहिल्या नाहीत तर रुग्णाने खुर्चीवरून उठण्याआधी त्या विचारून घ्याव्यात.